आवडलं खरं, पण का?

पुस्तक चांगलं की वाईट हे पुस्तकाची बांधणी तपासून ठरवायचं, की वाचणाऱ्याच्या मनाला विचारायचं? मराठी समीक्षेतलं हे भांडण जुनं आहे. एका बाजूला वस्तुनिष्ठ म्हणतात, दुसरीला आस्वादक. सांगलीत एम.ए.च्या वर्गाला साहित्यविचाराचा पेपर शिकवण्यात माझी नोकरी गेली. पोरांना वाटायचं, हा सगळा पुण्या-मुंबईचा कारभार. मी म्हणायचो, अरे, यातली निम्मी मंडळी आपल्या एस.टी.च्या टप्प्यातली आहेत.

पहिले बा. सी. मर्ढेकर. जन्म १९०९ चा, खानदेशातल्या फैजपूरचा. पण घराणं सातारा जिल्ह्यातल्या मर्ढ्याचं, आडनावही गावावरूनच आलेलं. १९४१ च्या ‘वाङ्मयीन महात्मता’मध्ये त्यांनी थोर साहित्याची कसोटी म्हणून लेखकाची आत्मनिष्ठा पुढे केली. लेखक स्वतःच्या अनुभवाशी इमान राखतो का, हा प्रश्न. इथे वर्गातून हमखास हात वर यायचा : ‘सर, इमान मोजायचं कशानं?’ शंका रास्त होती. लेखकाच्या काळजात शिरून कोण बघणार?

पुढे मर्ढेकरांचा भर कृतीच्या घडणीवर गेला. १९५५ च्या ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये त्यांची मांडणी अशी की, साहित्याचं माध्यम म्हणजे शब्दांचा नाद नव्हे, तर भावनात्मक अर्थ. हे अर्थ संवाद, विरोध आणि समतोल अशा लयींनी एकमेकांत गुंफले जातात आणि सौंदर्य त्या गुंफणीत असतं. ते समोर असतं, त्यावर बोट ठेवता येतं. मार्च १९५६ मध्ये मर्ढेकर गेले. त्या वर्षीचा साहित्य अकादमीचा पुरस्कार याच पुस्तकाला मिळाला.

परीक्षेत या तिन्ही लयी व्याख्येसकट पाठ येत. मग मी हरिपूरच्या देवलांचं ‘शारदा’ काढायचो. १८९९ सालचं नाटक. पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेला कांचनभट, बोहल्यावर चढायला उतावीळ भुजंगनाथ, मधला दलाल भद्रेश्वर दीक्षित. यातली विरोधलय दाखवा म्हटलं की वर्ग गप्प. थोड्या वेळाने एखादी मुलगी म्हणायची, ‘सर, भुजंगनाथाला मी हसत होते आणि शारदेचं पुढे काय होणार ते आठवून हसणं घशात अडकलं.’ झालं, सापडली लय! त्या मुलीनं व्याख्येला हात लावला नव्हता. आधी तिचं हसू अडकलं, मग कारण शोधताना नाटकाची रचना दिसली. तिचा अनुभव वजा केला असता तर रचनेकडे बघायचं कुणाला सुचलं असतं?

दुसरी बाजू मिरजेत उभी राहिली. १९५९ चं साहित्य संमेलन मिरजेला भरलं, अध्यक्ष श्री. के. क्षीरसागर. साहित्यामागच्या माणसाला बाजूला ठेवायला हे गृहस्थ तयार नव्हते. ‘व्यक्ति आणि वाङ्मय’ हे त्यांच्या पुस्तकाचं नावच आहे. त्यांची टीका वाचताना आवड-नावड ठसठशीत कळते. म्हणून ती लहरी ठरत नाही. आपल्या नावडीमागे ते युक्तिवाद उभा करतात. पटला नाही तर खोडून काढायची सोय वाचकाला राहते.

वाईला मात्र तिसराच सूर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे मराठी विश्वकोशाचं काम चाललं, १९७६ ला पहिला खंड आला. विश्वकोश म्हणजे लिहिणाऱ्याचा ‘मी’ पुसून टाकण्याची शिस्त. पण आधुनिक मराठी समीक्षेबद्दल बोलताना याच शास्त्रीबुवांनी रससिद्धांताकडे बघायला लावलं. रसविचारात सहृदय रसिकावाचून पान हलत नाही. मात्र त्याचा आनंद त्याच्या एकट्याच्या सुखदुःखाचा उरत नाही, साधारणीकरण होऊन तो सगळ्यांचा होतो. मर्ढेकर आणि क्षीरसागर ज्या फाट्यावर वेगळे झाले, तिथे जुन्या शास्त्रकारांनी एकच वाट पाहिली होती.

आणि चौथे म. द. हातकणंगलेकर. विलिंग्डन महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक, २००८ च्या सांगली संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी सिद्धांताचा डोलारा उभारला नाही. वाचत राहिले, नव्या लिहिणाऱ्यांकडे लक्ष ठेवून राहिले. धारवाडच्या जी. ए. कुलकर्णींशी त्यांचा पत्रव्यवहार होता. एका लेखकाला पत्र लिहावंसं वाटावं असा वाचक सांगलीत बसलेला होता, हीसुद्धा समीक्षेच्या इतिहासातली नोंद आहे.

हे भांडण काही आपल्यापुरतं नाही. तुर्कस्तानात नूरुल्लाह अताच यांनी टीका ही आपल्या आवडीची गोष्ट असल्याचं उघडपणे मांडलं. १९५७ मध्ये, मर्ढेकरांच्या पुढच्याच वर्षी, ते वारले. नंतरच्या पिढीतल्या असिम बेझिर्जींनी शास्त्रशुद्ध, पुराव्यानिशी केलेल्या टीकेचा आग्रह धरला. दोन्ही देशांत जुनी काव्यशास्त्राची परंपरा आणि पश्चिमेकडून आलेले नवे विचार एकमेकांना भिडत होते. अशा काळात ‘कशाच्या आधारावर बोलता?’ हा प्रश्न टळत नाही.

आमच्याकडे त्या प्रश्नाचं पुढे जे झालं ते काही बरं नाही. वस्तुनिष्ठता गाईडात गेली : तीन लयी, पाच मुद्दे, समारोप. आस्वाद प्रकाशन समारंभात गेला, जिथे प्रत्येक कवी संवेदनशील आणि प्रत्येक कादंबरी मैलाचा दगड. दोन्ही ठिकाणी वाद घालायला जागा नाही, म्हणून दोन्हीकडे समीक्षा नाही.

उत्तरपत्रिका तपासताना माझा नियम साधा होता. ‘मला हे नाटक आवडलं नाही’ एवढंच लिहिणाऱ्याला मी गुण देत नसे; व्याख्या जशीच्या तशी उतरवणाऱ्याला पास होण्यापुरते. आवडलं नाही असं सांगून नाटकातला तो प्रवेश, ते वाक्य, ती जागा दाखवणाऱ्याला भरपूर. त्याचं मत मला पटलं नाही तरी.