ढगाची वरची बाजू

जालना शहरांतील मस्तगड हा कांहीं डोंगरमाथ्यावरचा दुर्ग नव्हे. निजामउल्मुल्क असफजाहाच्या आज्ञेवरून काबिलखानानें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो बांधविला. चौकोनी घडण आणि कोपऱ्यांवर अर्धगोल बुरूज, असा त्याचा थाट. येणाऱ्या सैन्याची धूळ दुरून दिसावी म्हणून असले बुरूज बांधीत. परंतु बुरुजावरच्या पहारेकऱ्याला एका शत्रूची चाहूल नेहमीच उशिरां लागे. क्षितिजावर काळा ढग उठला, वारा फिरला, कीं घटका-अर्ध्या घटकेंत तो ढग डोक्यावर असे. शिवाय पहारेकऱ्याला दिसे ती ढगाची खालची बाजू. वादळी ढगाचें खरें बळ त्याच्या माथ्यावरून ओळखावें लागतें; आणि ढग डोक्यावर आला म्हणजे नेमका माथाच दिसेनासा होतो. हा माथा पाहण्याचें साधन मनुष्याला कसें लाभलें, आणि तें लाभल्यावरही कोणतें काम उरलें, हें पाहण्यास जालन्यासारखें दुसरें ठिकाण क्वचित् सांपडेल.

तारीख ११ फेब्रुवारी २०१८, रविवार. हरभरा काढणीस आलेला, गहूं व शाळू ज्वारी उभी, आणि कडवंचीसारख्या गांवांतील द्राक्षमळे घडांनीं लगडलेले, असे ते दिवस. त्या दिवशीं सकाळीं जालना जिल्ह्यांत, तसेंच शेजारच्या बीड व बुलढाणा ह्या जिल्ह्यांत गारांचा मारा झाला. शेतें पांढरीं झालीं, पिकें आडवीं पडलीं, मनुष्यहानिही झाली. त्याआधीं चारच वर्षांपूर्वीं, म्हणजे २०१४ च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत, महाराष्ट्रांतील २८ जिल्ह्यांना गारपिटीनें असेंच झोडपून काढलें होतें. एखाद्या सायंकाळची गारपीट मराठवाड्यास नवी नाहीं. परंतु दोन-अडीच आठवडे आज येथें तर उद्यां तेथें चाललेलें तें थैमान वृद्धांच्याही आठवणींत नव्हतें.

हें असें कां व्हावें? वैशाखांतील वळीव दुपारनंतर येतो, कारण तापलेली जमीन हवेला वर ढकलते. माघांतील सकाळीं जमीन थंड असते. तेव्हां ढगाला उठविणारी शक्ति अन्यत्र शोधावी लागते. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हिवाळ्यांत हिमालयाच्या बाजूनें जात असतात. कधीं कधीं त्यांच्यामुळें पडलेला वरच्या हवेंतील खळगा दक्षिणेस महाराष्ट्रापर्यंत उतरतो आणि आपल्याबरोबर अतिशय थंड हवा आणतो. त्याच वेळीं बंगालचा उपसागर वा अरबी समुद्र ह्यांवरून दमट वारे आले, तर खालीं ओलावा व वर गारठा अशी विषम जोडी जमते. मग हवेचा झोत वेगानें वर धांवतो. गोठणबिंदूखालीं जाऊनही न गोठलेले जलबिंदु एखाद्या हिमकणास चिकटत जातात, गार वाढते, आणि झोताला तिचा भार पेलेनासा झाला कीं ती खालीं येते. पावसाळ्यांत गोठण्याची पातळी अधिक उंच असल्यानें बहुतेक गारा वाटेंतच वितळतात. फाल्गुनांत ती पातळी खालीं असते, म्हणून त्या शेतापर्यंत पोहोंचतात.

गारपिटीची शास्त्रीय नोंद ठेवण्याचा प्रयत्न आपल्या देशांत जुना आहे. १८७५ सालीं भारतीय हवामान खातें स्थापन झालें. ३० एप्रिल १८८८ रोजीं मुरादाबादेस झालेल्या गारपिटींत २४६ माणसें मृत्युमुखीं पडलीं; गारांनीं घेतलेले इतके बळी जगांत अन्यत्र कोठें नोंदलेले नाहींत. पुढें जॉन इलियट ह्यांनीं १८८३ ते १८९७ पर्यंतच्या गारपिटींचा साक्षेपानें अभ्यास केला. १९२८ मध्यें खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें व १९४४ पर्यंत तेथें राहिलें. पण हा सर्व व्यवहार घटना घडून गेल्यानंतरचा. वेधशाळा एका जिल्ह्यांत एखादी. गारपीट पडे ती दोन वेधशाळांमधल्या रानांत. गारा वेंचून त्यांचें वजन करतां येई. ढग वाढत असतांना तो पाहतां येत नसे.

ही अडचण १ एप्रिल १९६० रोजीं प्रथम दूर झाली. त्या दिवशीं अमेरिकेनें टायरॉस-१ हा उपग्रह सोडला, आणि ढगांची वरची बाजू मनुष्यास नियमानें दिसूं लागली. त्याच दशकांत मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत अशीं मेघचित्रें थेट उपग्रहांकडून घेण्यांत येऊं लागलीं. परंतु हे उपग्रह पृथ्वीभोंवती फिरणारे. ते डोक्यावरून जात तेवढ्या क्षणाचेंच चित्र मिळे. जो ढग तासा-दोन तासांत जन्मतो आणि मरतो, त्याचा माग अशा पाहुण्यानें कसा काढावा? त्यासाठीं एकाच जागीं स्थिर भासणारा नेत्र हवा होता. १९८२ मध्यें सोडलेला इन्सॅट-१ए कांहीं महिन्यांतच निकामी झाला. पण १९८३ च्या ऑगस्टांत गेलेल्या इन्सॅट-१बी नें तें काम केलें. २००२ सालीं केवळ हवामानासाठीं वाहिलेला भारताचा पहिला उपग्रह श्रीहरिकोट्याहून उडाला. अंतराळवीर कल्पना चावला ह्यांच्या निधनानंतर त्यास 'कल्पना-१' हें नांव देण्यांत आलें. जुलै २०१३ मध्यें इन्सॅट-३डी, सप्टेंबर २०१६ मध्यें इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्यें इन्सॅट-३डीएस, अशी ही परंपरा चालू राहिली. एका उपग्रहाकडून अर्ध्या तासास एक चित्र मिळतें. दोघांच्या पाळ्या एकाआड एक लावल्यावर तें १५ मिनिटांस मिळूं लागलें.

सुमारें ३६,००० किलोमीटरांवरून घेतलेल्या ह्या चित्रांत काय दिसतें? दिवसा सूर्यप्रकाशांत ढगांचा आकार दिसतो. पहांटे व रात्रीं उपयोग होतो तो अवरक्त किरणांचा. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड. म्हणून उष्णतामानावरून उंची कळते. उणें ६० अंशांपर्यंत वा त्याहून थंड झालेला माथा चित्रांत निराळ्या रंगानें उठून दिसतो. लागोपाठच्या दोन चित्रांत तो झपाट्यानें थंड होत गेला, किंवा सपाट माथ्यावर मध्येंच एखादा उंचवटा फुटला, तर खालून प्रचंड झोत चढत आहे हें जाणता ओळखतो.

पण येथेंच एक मर्यादा ध्यानांत ठेविली पाहिजे. उपग्रह गार पाहत नाहीं; तो गारेचा संभव पाहतो. त्याच्या अवरक्त चित्रांतील एक ठिपका सुमारें ४ किलोमीटर रुंद व तितकाच लांब, म्हणजे त्यांत दोन-तीन गांवांचीं शिवारें सहज मावतात. गार मात्र एका शिवारांत पडते आणि बांधापलीकडचें रान कोरडें ठेवते. ढगाच्या पोटांत शिरून पाहणारें यंत्र म्हणजे रडार. परंतु मुंबई व नागपूर येथील मोठ्या रडारांपासून जालना ३०० किलोमीटरांहून दूर आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळें इतक्या अंतरावर त्यांचा किरण ढगाच्या वरच्या भागांतूनच निघून जातो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनें विजांचा ठाव घेणारीं यंत्रें देशभर बसविलीं आणि 'दामिनी' ह्या साधनाद्वारें विजेची सूचना लोकांच्या हातांतील फोनवर आणून दिली; त्यायोगें ह्या उणिवेची कांहीं भरपाई झाली.

तरीही शेवटचा प्रश्न यंत्राचा नाहीं, वेळेचा आहे. उभा द्राक्षमळा कोणास हलवितां येत नाहीं. त्यावर आधींच जाळी घातलेली असेल तरच तो वांचेल. परंतु काढलेला हरभरा झांकतां येतो, गुरें गोठ्यांत बांधतां येतात, रानांतल्या माणसास छपराखालीं येतां येतें. ह्या साऱ्यास अर्धा तास पुरतो; आणि आकाशांतील नेत्र देऊं शकतो तोही जेमतेम तेवढाच अवधि. चित्र उतरविणें, तें वाचणें, इशारा काढणें आणि तो गांवांत पोहोंचविणें, ह्यांतच तो अर्धा तास खर्च झाला, तर शेतकऱ्याच्या हातीं पुन्हां ढगाची खालचीच बाजू उरते. मस्तगडाच्या पहारेकऱ्यास दूरचें दिसलें तरी त्यानें नगारा वाजविल्यावांचून गांव जागें होत नसे. आजचा पहारेकरी ३६,००० किलोमीटर उंच बसला आहे एवढेंच. नगाऱ्याचें काम आजही जमिनीवरच करावयाचें आहे.