वक्ररेषेचे दोन धनी

मोटारीच्या बॉनेटवरून हात फिरवला तर तो कोठेही अडखळत नाही. हा गुळगुळीतपणा केवळ रंगाचा नव्हे, आकाराचाही आहे. भिंत रेघपट्टीने आखता येते, चाक कंपासाने. पण बॉनेटचा बाक सरळही नसतो आणि वर्तुळाचाही नसतो. तो आकड्यांत मांडून यंत्राला कसा सांगावा, हा प्रश्न १९५० नंतरच्या काळात फ्रान्समधील मोटार-कारखान्यांपुढे उभा राहिला. आज संगणकावर असली पृष्ठे रचावयास शिकणारा विद्यार्थी जे धडे गिरवितो, त्यांतील पहिले धडे तेथले आहेत.

जुनी रीत जहाजबांधणीतून आलेली होती. लवचिक लाकडी पट्टी फळ्यावर वाकवावयाची, जड वजनांनी ती जागच्या जागी दाबून धरावयाची आणि तिच्या कडेने पेन्सिल फिरवावयाची. मग नकाशावरून फर्मे, फर्म्यांवरून लाकडी नमुना, नमुन्यावरून डाय. दर पायरीस केसभर फरक पडे. नकाशा एक सांगे, नमुना दुसरेच. तंटा झाला की नमुन्याचा शब्द अखेरचा. तो नमुना घडविणाऱ्या हाताला आम्ही कमी लेखीत नाही, परंतु त्या हातातले ज्ञान यंत्राला देता येत नव्हते.

१९५८ साली पॉल द कास्तेल्जो हे तरुण गणिती सित्रोएन कारखान्यात आले. त्यांनी शोधलेली युक्ती आपण घरी कागदावर करून पाहावी. चार ठिपके काढा व ते क्रमाने रेघांनी जोडा. तिन्ही रेघांचे मध्यबिंदू जोडले की दोन रेघा मिळतात. त्या दोहोंचे मध्यबिंदू जोडले की एकच रेघ उरते. तिचा मध्य हा वक्ररेषेवरचा एक बिंदू! मध्याऐवजी तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा असे दर रेघेवर सारखेच प्रमाण घेत गेले, की अख्खी वक्ररेषा उभी राहते. पहिला ठिपका व शेवटचा ठिपका ही तिची टोके. मधले दोन तिला दुरून आपल्याकडे ओढतात.

कारखान्याने ही विद्या गुप्त ठेवली. धंद्याची गुपिते राखण्याचा हक्क त्यांना होताच. पण बाहेरच्या विद्यार्थ्यास ती शिकण्याची सोय उरली नाही.

इकडे रेनो कारखान्यात पिएर बेझिए हे अभियंते १९६० पासून याच प्रश्नामागे लागले. त्यांनी एका घनात बसविलेली वक्ररेषा कल्पिली. घन तिरका केला, ताणला, की आतली रेषाही त्याबरोबर बदलते. वाट निराळी, मुक्काम मात्र एकच. दोघांचेही गणित सर्गेई बर्नस्टाईन यांनी १९१२ साली मांडलेल्या बहुपदींना जाऊन मिळते. बेझिए यांनी आपली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यावर 'युनिसर्फ' ही प्रणाली उभारली, आणि जग ती शिकले.

रेषेवरून पृष्ठाकडे जाताना चार ठिपक्यांच्या जागी चार ओळींत सोळा ठिपक्यांची जाळी येते. नवशिक्यास येथे मोह पडतो. आकार जुळेना, की तो ठिपके वाढवितो आणि पृष्ठ पापडासारखे लहरू लागते. जाणता मनुष्य ठिपके कमी करतो. दोन पृष्ठे जोडताना तर दिशा जुळूनही भागत नाही, बाकही जुळावा लागतो. नाहीतर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब सांध्यापाशी मोडते. लाकडी पट्टी हे आपोआप सांभाळीत असे. आता ते डोळ्यांनी शिकावे लागते, आणि त्याला महिनेच्या महिने लागतात, हे आम्ही शिकणाऱ्यांपासून लपवू इच्छीत नाही.

१९७५ साली वोल्फगांग ब्योम या जर्मन गणित्याच्या हाती कास्तेल्जो यांचे जुने अहवाल लागले, तेव्हा कोठे त्यांचे काम बाहेरच्यांस कळले. तोवर वक्ररेषेस बेझिए यांचे नाव पडून चुकले होते. यात बेझिए यांचा काडीइतकाही दोष नाही. कास्तेल्जो २०२२ साली, वयाच्या ९१ व्या वर्षी वारले. रेषा बेझिए यांची म्हणूनच ओळखली जाते. कागदावर मध्यबिंदू घेत जाण्याची ती कृती मात्र कास्तेल्जो यांच्या नावाने शिकविली जाते.