पडद्याचे ओझे

मुंबईहून नागपूरमार्गे हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर दुर्ग मागे पडले की थोड्याच वेळात भिलाई पावर हाउस हे स्थानक लागते. पावर हाउस हीच त्या वस्तीचीही ओळख. भिलाईच्या पोलाद कारखान्याविषयीचा करार भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा हा मुलूख ज्या राज्यात मोडत होता त्याची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. अशा कारखान्याचा पहिला धडा श्रमविभागाचा असतो. कोळशाचा कोक करणारी भट्टी वेगळी, लोखंड वितळविणारी वेगळी, पोलाद घडविणारी वेगळी आणि त्याचे रूळ लाटणारी गिरणी आणखी वेगळी. एकाच यंत्राच्या माथी सारी कामे मारली, तर एकही धड होत नाही.

हा साधा धडा संगणकाच्या जगात मात्र सावकाश रुजला. आपल्या संगणकाच्या पडद्यावर जे दिसते त्याचे चित्रमुद्रण करू पाहणाऱ्या, किंवा तेच दृश्य दूरच्या विद्यार्थ्यांपर्यंत थेट पोहोचवू पाहणाऱ्या शिक्षकाला त्याची उणीव जाणवते. मुद्रण सुरू होताच यंत्रातील पंखा घरघरू लागतो, चित्र अडखळू लागते, बोलणे पुढे जाते आणि आकृती मागे राहते. संगणकाचा मेंदू म्हणविणारा प्रोसेसर आपल्या सर्व शक्तीनिशी राबत असूनही काम पुरे पडत नाही. हे ओझे येते कोठून, आणि गेल्या अर्धशतकात ते हलके कसे होत गेले, ही कथा मनोरंजक तर आहेच. शिवाय ती एका सामाजिक प्रश्नाशी येऊन भिडते.

प्रथम ओझ्याचे माप घेतले पाहिजे. आज रूढ असलेल्या मोठ्या आकाराच्या पडद्यावर आडव्या ओळीत १,९२० आणि उभ्या ओळीत १,०८० ठिपके असतात. म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचा रंग नोंदविण्यास तीन बाइट लागतात, आणि हालचाल सलग भासावी म्हणून सेकंदाला तीस चित्रे घ्यावी लागतात. हिशेब केला तर दर सेकंदाला अठरा कोटी साठ लाखांहून अधिक बाइट होतात. आंतरजालाच्या सामान्य जोडणीवरून याचा तीनशेवा हिस्सा जाऊ शकला तरी पुष्कळ झाले. तेव्हा उरलेले सारे वगळून, आणि तरीही चित्र ओळखू येईल अशा बेताने, प्रत्येक क्षणी या राशीचे गाठोडे बांधावे लागते. प्रोसेसरला जो घाम फुटतो तो प्रामुख्याने या गाठोडे बांधण्यापायी.

ते बांधण्याची मूळ युक्ती एका भारतीयाच्या बुद्धीतून निघाली, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. बंगळूर येथे जन्मलेले आणि तेथेच अभियांत्रिकीची पदवी घेतलेले नासिर अहमद हे पुढे अमेरिकेत कॅन्सस राज्य विद्यापीठात प्राध्यापक झाले. चित्रातील ठिपके जसेच्या तसे न नोंदविता त्यांचे लहरींमध्ये रूपांतर करावे आणि ज्या सूक्ष्म लहरी डोळ्याला जाणवत नाहीत त्या टाकून द्याव्यात, अशी त्यांची कल्पना. १९७२ मध्ये या संशोधनासाठी त्यांनी मागितलेले अनुदान नाकारण्यात आले. तरीही ते काम करीत राहिले आणि टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. दूरसंवादासाठी १९८८ मध्ये ठरलेले एच.२६१ हे मानक काय किंवा २००३ मध्ये आलेले आणि आजही सर्वत्र वापरात असलेले एच.२६४ काय, दोहोंचा पाया याच पद्धतीचा आहे.

याच सुमारास दुर्ग जिल्ह्यात एक निराळा प्रयोग घडत होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वापरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम पोहोचविले. त्या खेड्यांत रायपूर, बिलासपूर आणि दुर्ग या जिल्ह्यांतील खेडीही होती. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी आणि सायंकाळी अडीच तास मोठ्यांसाठी कार्यक्रम होत. या योजनेतील खरे शहाणपण तिच्या रचनेत होते. उपग्रहाला नऊ मीटर व्यासाची प्रचंड छत्री आणि शक्तिमान प्रक्षेपक देण्यात आला. त्यामुळे खेड्यातील ग्राहक-यंत्राला कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची तीन मीटरची साधी छत्री पुरली. ज्याच्या अंगी बळ होते त्याने भार उचलला, आणि ज्याच्याजवळ काही नव्हते त्याचा हलका केला.

संगणकाच्या पडद्यासंबंधीही हा विचार हळूहळू आकारास आला. त्याची पहिली पायरी म्हणजे अनावश्यक कामच न करणे. धडा चालू असताना पडद्याचा बहुतेक भाग तसाच स्थिर असतो. बदलतो तो एखादा शब्द किंवा दर्शकाचा बाण. १९९० च्या दशकात इंग्लंडमधील केंब्रिज येथील एका प्रयोगशाळेत व्हीएनसी ही प्रणाली तयार झाली. ती सबंध पडदा पुनःपुन्हा न पाठविता फक्त बदललेले चौकोन पाठवी, आणि मजकूर नुसता वर सरकला असेल तर ‘हा चौकोन तेथे हलवा’ एवढाच निरोप देई. २०१२ मध्ये विंडोजच्या आठव्या आवृत्तीने पडद्यातील बदललेले भाग मुद्रण करणाऱ्या आज्ञावलीला स्वतःच कळविण्याची सोय केली. त्याच वर्षी ह्यू बेली यांनी ओबीएस ही मुद्रण आणि प्रक्षेपण करणारी आज्ञावली सर्वांसाठी विनामूल्य खुली केली.

दुसरी पायरी भिलाईच्या धड्याची आहे: विशेष कामासाठी विशेष कारागीर. प्रोसेसर हा हरहुन्नरी कारकुनासारखा. त्याला सारे येते, पण प्रत्येक काम तो नियम वाचीत वाचीत करतो. गाठोडे बांधताना सर्वांत कष्टाचे काम शोधाचे असते. चित्रातील प्रत्येक लहान चौकोन मागील चित्रात कोठे होता, हे धुंडाळावे लागते. जानेवारी २०११ मध्ये इंटेलने आपल्या प्रोसेसरच्या चकतीवरच या एकाच कामासाठी घडविलेले स्वतंत्र मंडल बसविले. २०१२ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ग्राफिक्स कार्डांत तसेच केले. तेव्हापासून मुद्रणाच्या मांडणीत ‘हार्डवेअर एन्कोडर’ निवडला की गाठोडे बांधण्याचा भार मुख्य प्रोसेसरवरून उतरतो. पुष्कळ जुन्या यंत्रांत हा कारागीर हजर असतो. त्याला कामच सांगितलेले नसते.

तो नसेल तेथे काटकसरीचे मार्ग उरतात. १,२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे चित्र पाठविले तर ठिपके निम्म्याहूनही कमी होतात. फळ्यावरील गणित समजावताना सेकंदाला तीसऐवजी पंधरा चित्रेही पुरतात. भार आणखी निम्मा होतो. गाठोडे किती बारकाईने बांधावे याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. त्यांतील जलद पायरी घ्यावी. प्रक्षेपण आणि मुद्रण दोन्ही हवे असतील तर एकदा बांधलेले गाठोडेच दोन्हीकडे वापरावे. छत्तीसगडच्या वैशाखात आणखी एक गोष्ट विसरू नये: यंत्र फार तापले की स्वतःच्या रक्षणासाठी ते आपला वेग कमी करते, आणि मग कोणतीही मांडणी कामास येत नाही. त्याच्या झरोक्यांतील धूळ काढणे हाही एक उपायच आहे.

तथापि या साऱ्या उपायांमागे एक नियम आहे. भार बहुधा नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. जलद पायरी घेतली की चित्राची प्रत उतरते किंवा गाठोडे फुगते, आणि त्याचा खर्च पाहणाऱ्याच्या डेटावर पडतो. उलट, २०१८ मध्ये आलेल्या एव्ही-१ सारख्या नव्या पद्धतीने गाठोडे लहान बांधता येते. परंतु ते सोडविणारे मंडल विद्यार्थ्याच्या जुन्या मोबाइलमध्ये नसेल तर त्याच्या लहानशा प्रोसेसरला ते हातांनी सोडवावे लागते. मोबाइल तापतो, विजेरी उतरते आणि धडा अर्धा राहतो. शिक्षकाची सोय ही विद्यार्थ्याची गैरसोय ठरू शकते, ती अशी.

२०२० च्या टाळेबंदीत हा प्रश्न घरोघरी उभा राहिला. छत्तीसगड शासनाने एप्रिल २०२० मध्ये ‘पढ़ई तुंहर दुआर’, म्हणजे ‘शिक्षण तुमच्या दारी’, ही योजना सुरू केली आणि शिक्षकांचे मुद्रित व थेट धडे आंतरजालावरून मुलांपर्यंत जाऊ लागले. परंतु ज्या घरी मोबाइल नाही किंवा ज्या पाड्यावर जोडणी नाही, तेथे सर्वांत उत्तम गाठोडेही पोहोचत नाही, हे लवकरच दिसून आले. तेव्हा वस्तीवस्तीत मुलांना एकत्र बसवून वर्ग घेण्यात आले, ध्वनिवर्धकावरून धडे ऐकविण्यात आले, आणि ‘बुलटू के बोल’ या नावाने ध्वनिमुद्रित पाठ एका मोबाइलमधून दुसऱ्यात ब्लूटूथने, आंतरजालाशिवाय, देण्यात आले. चित्र टाकून फक्त आवाज ठेवणे हा तर भार कमी करण्याचा टोकाचा उपाय. पण ज्या मुलापाशी दुसरे काही नव्हते त्याच्यापर्यंत तोच पोहोचत होता.

१९७५ च्या जाळीच्या छत्रीपासून २०२० च्या बुलटूपर्यंत दुर्ग-भिलाईच्या परिसराने पाहिलेल्या या पंचेचाळीस वर्षांचा निष्कर्ष एकच निघतो. यंत्र कोणते घ्यावे, मांडणी कोणती ठेवावी, हे प्रश्न तांत्रिक खरे. परंतु त्यांचे उत्तर देताना साखळीच्या दुसऱ्या टोकाला कोण बसले आहे हे आधी पाहावे लागते. शिक्षकाच्या संगणकातील पंखा शांत झाला, एवढ्याने काम पुरे झाले असे होत नाही. शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या हातातला जुना मोबाइल न तापता सबंध धडा दाखवू शकला, म्हणजे ओझे योग्य खांद्यावर गेले असे समजावे.