मरुत्सखा आणि मांजा

शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान १५०० फूट उंच उडवले, ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. तिला समकालीन भक्कम पुरावा नाही. जिच्याशी ती जोडली जाते ती 'वैमानिक शास्त्र' ही पोथी १९०४ पूर्वीची नसावी आणि तिच्यातील विमाने उडू शकत नाहीत, असा निष्कर्ष बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील एच. एस. मुकुंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्येच मांडला. तो वाद पुन्हा उकरण्याची इच्छा नाही. खटकते ते वेगळेच. या कथेत उंची आहे, गर्दी आहे, थोरामोठ्यांची उपस्थितीही आहे. वारा तेवढा नाही. नाव वाऱ्याच्या मित्राचे, जागा चौपाटीची, आणि आत माणूस नसलेले यंत्र त्या वाऱ्यात सावरले कोणी, हा प्रश्न कथाकारांना पडतच नाही.

उड्डाणाचा नोंदलेला इतिहास मात्र वाऱ्याशी झटापटीचाच आहे. ऑगस्ट १८९६ मध्ये ओटो लिलिएंथालचा ग्लायडर हवेत थबकून कोसळला व दुसऱ्या दिवशी त्याचा मृत्यू झाला. १८९९ मध्ये विल्बर राइटने पाच फूट पंखांचा एक पतंग केला. त्याला चार दोऱ्या होत्या, आणि जमिनीवर उभे राहून त्या ओढल्या की पंख पिळले जात. दूरनियंत्रित विमानाचा पूर्वज शोधायचाच असेल, तर माझ्या मते तो हा पतंग होय. पुढे किटी हॉक हे गाव निवडले गेले त्याचे एक कारण तेथील वाहता वारा हेच होते.

१९३७ मध्ये वॉल्टर आणि विल्यम गुड या अमेरिकी बंधूंनी 'गफ' हे आपले मॉडेल रेडिओने उडवले. दोरी तुटली ती तेव्हा. पतंग उडवणाऱ्याला वाऱ्याची खबर मांज्यातून बोटांना मिळते. रेडिओवाल्याला ती केवळ डोळ्यांनी, आणि तीही उशिरा, मिळते.

आता दिव्याचे उदाहरण घेऊ. ठाण्याहून कल्याणकडे जाताना पारसिकचा डोंगर मागे पडला, की मुंब्र्यानंतर हे स्थानक लागते. दुपारी समुद्राकडून येणारा पश्चिमेचा वारा डोंगर ओलांडताना विस्कटतो, भोवरे घालतो. अशा हवेत मॉडेल शिकणाऱ्याची फसगत ठरलेली. समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ४० किलोमीटर आणि वारा २५. वाऱ्याच्या तोंडाशी ते जमिनीवरून जेमतेम १५ ने सरकते. पाठीवर वारा घेतला की ६५ ने पळते. नवखा घाबरून थ्रॉटल कमी करतो. परंतु पंखांना जमीन ठाऊक नसते, त्यांना हवा ठाऊक असते. वेग खरोखरच घटतो आणि विमान पडते. त्यातच ते आपल्याकडे तोंड करून येऊ लागले, की डावे-उजवे उलटे दिसू लागते! (पतंगबाजाला मात्र ढील कधी द्यायची हे दहाव्या वर्षीच समजलेले असते. असो.)

म्हणून जाणते लोक शिकाऊला विमान वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे आपल्या पाठीमागे, दूर जाऊ देत नाहीत. ते समोर, वारा येतो त्या अंगाला ठेवायचे. मोटर बंद पडली, तरी वारा ते उडवणाऱ्याकडेच आणतो.