मराठी भयकथांचे पुनर्मुद्रण आणि कालनिश्चितीचा प्रश्न

प्रस्तावना :
मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रहस्यकथा, गूढकथा व भयकथा यांना फारसे स्थान मिळालेले नाही. 'रंजनप्रधान वाङ्मय' या एकाच शीर्षकाखाली त्यांचा उल्लेख करून अभ्यासक पुढे जातात. वाचकांनी मात्र या कथांकडे कधीही पाठ फिरवली नाही. मासिके, दिवाळी अंक आणि वाचनालयांतील पुस्तके यांतून एकेकाळी घरोघरी पोहोचलेल्या अशा कथा अलीकडच्या काळात नव्या मुखपृष्ठांसह पुन्हा प्रकाशित झाल्या. या पुनर्मुद्रणाचे एक महत्त्वाचे केंद्र छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आहे, ही बाब मराठवाड्यातील अभ्यासकांच्या दृष्टीने विशेष उल्लेखनीय आहे. पुनर्मुद्रणामुळे कथा टिकते, हे उघड आहे. परंतु तिच्याबरोबर तिचा काळही टिकतो काय, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नियतकालिके आणि भयकथा :
काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ मध्ये 'मनोरंजन' मासिक सुरू केले आणि १९०९ मध्ये त्याचा दिवाळी अंक काढून एका परंपरेचा पाया घातला. त्याच सुमारास गो. ना. दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांची मराठी रूपांतरे केली. परकीय कथानकाला मराठी घर, मराठी नावे आणि मराठी भीती देण्याची ही रीत पुढील भयकथेने तशीच स्वीकारली. अनंत अंतरकर यांनी १९४६ मध्ये 'हंस' सुरू केले आणि पुढे 'मोहिनी' व 'नवल' ही मासिके काढली. त्यांपैकी 'नवल'ने अद्भुत, साहस व भय या प्रकारांना हक्काचे व्यासपीठ दिले. 'धनंजय'सारख्या दिवाळी अंकांनीही रहस्यकथा व गूढकथा सातत्याने छापल्या.

अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून बनविलेल्या स्वस्त कागदावर छापल्या जाणाऱ्या मासिकांना 'पल्प' असे नाव पडले. केवळ भय व अद्भुत यांना वाहिलेले 'वीअर्ड टेल्स' हे मासिक १९२३ मध्ये निघाले. मराठी मासिके याच वर्गात मोडतात असे म्हणणे धाडसाचे ठरेल, कारण मराठीत एकाच दिवाळी अंकात विनोदी कथा, व्यंगचित्रे आणि भयकथा शेजारी शेजारी नांदत आल्या. मात्र दोहोंचे प्राक्तन सारखेच आहे. महिना संपला की अंक जुना होतो आणि जुना अंक रद्दीत जातो.

पुनर्मुद्रणाचे कार्य :
नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभरांहून अधिक पुस्तके लिहिली. 'समर्थ' आणि त्यांचे सहकारी अप्पा जोशी ही त्यांची पात्रे वाचकांना परिचित आहेत. धारपांचा वाचक प्रामुख्याने वाचनालयांचा वर्गणीदार होता. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमानंतर अनुदानप्राप्त वाचनालयांचे जे जाळे वाढले, त्याच्या फडताळांत ही पुस्तके हातोहात फिरली आणि अति वापरानेच जीर्ण झाली. अशा वेळी बाबा भांड यांच्या साकेत प्रकाशनाने या शहरातून धारपांची पुस्तके नव्याने छापली. 'लुचाई', 'शपथ', '४४० चंदनवाडी' ही पुस्तके त्यामुळे नव्या पिढीच्या हाती आली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांचे गूढकथासंग्रहही नव्या आवृत्त्यांत उपलब्ध राहिले. या कार्याचे मोल निर्विवाद आहे. 'मराठवाडा साहित्य परिषदे'चे 'प्रतिष्ठान' आणि गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' यांच्यामुळे वैचारिक व दलित साहित्याच्या चर्चेत या शहराचे नाव कायमचे नोंदले गेले आहे. लोकप्रिय वाङ्मयाच्या जतनातही त्याचा वाटा आहे, याची नोंद मात्र क्वचितच घेतली जाते.

कालनिश्चितीची अडचण :
मराठी पुनर्मुद्रणांत कथा कोणत्या अंकात, कोणत्या वर्षी प्रथम प्रसिद्ध झाली, याची कथेगणिक नोंद पुष्कळदा नसते. सामान्य वाचकाचे त्यावाचून काही अडत नाही, इतिहासकाराचे अडते. धारपांच्या रूपांतरांचेच उदाहरण घेता येईल. 'लुचाई' ही स्टीफन किंग यांच्या 'सेलम्स लॉट' (१९७५) या कादंबरीवर, तर 'शपथ' ही त्यांच्याच 'इट' (१९८६) या कादंबरीवर बेतलेली आहे. 'तुंबाड' (२०१८) या हिंदी चित्रपटामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे आणि त्या कथेमागे किंग यांची 'ग्रॅमा' (१९८४) ही कथा आहे. 'ग्रॅमा' स्वतः प्रथम 'वीअर्डबुक' या भयकथांच्याच मासिकात छापली गेली होती. मूळ कृतीचे वर्ष ज्ञात असल्याने मराठी कृतीच्या काळाची पूर्वमर्यादा ठरते. 'आजी' १९८४ पूर्वीची असू शकत नाही. परंतु उत्तरमर्यादा मराठी कृतीच्या प्रथम प्रसिद्धीवरूनच ठरवावी लागते आणि नेमका तोच दुवा पुनर्मुद्रणात निखळतो.

यातून कार्यकारणभावच उलटा होण्याचा धोका संभवतो. 'झी हॉरर शो' १९९३ मध्ये आणि 'आहट' १९९५ मध्ये सुरू झाला. धारपांचे बहुतांश लेखन त्यापूर्वीचे आहे. पुनर्मुद्रणाचे वर्ष हेच लेखनाचे वर्ष मानणाऱ्या विद्यार्थ्याला मराठी भयकथा ही दूरचित्रवाणीची अनुकरणकर्ती वाटेल. प्रत्यक्षात छापील पानावरील भयाने मराठी वाचक कित्येक वर्षे आधीच घडविला होता.

एक तुलनात्मक दाखला :
'वीअर्ड टेल्स'चे लेखक एच. पी. लव्हक्राफ्ट १९३७ मध्ये निवर्तले, तेव्हा त्यांच्या कथा प्रामुख्याने मासिकांतच विखुरलेल्या होत्या. ऑगस्ट डर्लेथ व डोनाल्ड वाँड्री यांनी १९३९ मध्ये 'आर्कहॅम हाऊस' ही प्रकाशनसंस्था केवळ त्यांचे लेखन ग्रंथरूपात आणण्यासाठी स्थापन केली. कथा वाचल्या, तरीही संहिता सदोषच राहिली. १९३६ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज' मासिकाने छापलेल्या त्यांच्या दीर्घकथेतील परिच्छेद तोडले गेले होते व काही मजकूर गाळला गेला होता. हस्तलिखिते आणि मुद्रित पाठ यांची तुलना करून शुद्ध पाठ सिद्ध करण्याचे काम १९८० च्या दशकात एस. टी. जोशी यांनी केले. १९५८ मध्ये पुण्यात जन्मलेले आणि बालपणीच अमेरिकेत गेलेले हे अभ्यासक आज लव्हक्राफ्ट-संशोधनातील अग्रगण्य नाव आहे. २००५ मध्ये 'लायब्ररी ऑफ अमेरिका' या प्रतिष्ठित ग्रंथमालेत लव्हक्राफ्ट यांचा समावेश झाला. हा प्रवास केवळ पुनर्मुद्रणाने घडला नाही. मासिकांचे अंक, हस्तलिखिते व पत्रे ग्रंथालयांत सुरक्षित राहिली आणि त्यांवर सूचिकार्य झाले, म्हणून तो घडला. पुण्यात जन्मलेल्या अभ्यासकाने परभाषेतील भयकथेसाठी जे केले, ते मराठी भयकथेसाठी अद्याप व्हावयाचे आहे.

समारोप :
हे कार्य आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. सार्वजनिक वाचनालयांची दाखल रजिस्टरे हे त्याचे एक दुर्लक्षित साधन होय. पुस्तक केव्हा, कोणत्या प्रकाशकाकडून व किती किमतीला आले, याची नोंद त्यात असते. पुस्तक जीर्ण होऊन बाद झाले तरी नोंद शिल्लक राहते आणि कृतीच्या काळाची उत्तरमर्यादा तीवरून सांगता येते. सुट्या मासिकांची नोंद मात्र सहसा या रजिस्टरात होत नाही; म्हणून दिवाळी अंकांचे बांधीव खंड जेथे उरले असतील, तेथे त्यांच्या अनुक्रमणिकांची सूची करणे अधिक तातडीचे आहे. मराठी व इतिहास विभागांनी पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून मराठवाड्यातील एकेका वाचनालयाचे हे काम हाती घ्यावे आणि प्रकाशकांनी पुढील आवृत्तीत प्रथम प्रसिद्धीची नोंद द्यावी, एवढी अपेक्षा अवाजवी ठरू नये. पुनर्मुद्रणाने कथा वाचविली आहे. तिचा काळ वाचविण्याचे काम अभ्यासकांचे आहे, आणि जुने अंक रद्दीत जाण्यापूर्वीच ते व्हावयास हवे.