‘चारशे सात’ : रेल्वे न पोचलेल्या गावांची सहा टायरांची गाडी

#थ्रेड

१/
बुलढाणा जिल्ह्यात चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर अमडापूर लागते. गावाला रेल्वे नाही. शेतमाल बाहेर जातो तो रस्त्याने. खत, सिमेंट, किराणा आत येतो तोही रस्त्याने. अशा गावांत पुढे दोन आणि मागे चार टायरांचा छोटा ट्रक दशकानुदशके का टिकतो, आणि त्याची दुरुस्ती घराच्या अंगणातच का होते, याचा हा इतिहास.

२/
प्रारंभ कापसापासून करावा लागतो. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा फाटा सुरू झाला, कारण खामगाव ही तेव्हा वऱ्हाडातील कापसाची सर्वांत मोठी बाजारपेठ होती. पण हा मार्ग राहिला ‘घाटाखाली’: मलकापूर, नांदुरा, शेगाव.

३/
‘घाटावर’च्या चिखली तालुक्याच्या वाट्याला रूळ आले नाहीत. चिखलीमार्गे खामगाव-जालना रेल्वेची मागणी शतकाहून जुनी आहे. ती मागणीच राहिल्याने घाटावरचा कापूस आधी बैलगाडीने आणि पुढे ट्रकने उतरला. या भागातील ट्रकचा इतिहास हा न झालेल्या रेल्वेचाही इतिहास आहे.

४/
भारतीय ट्रकउद्योगाची पायाभरणी महाराष्ट्रातही झाली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या टेल्कोने १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. १९६९ मध्ये तो संपला आणि ट्रकच्या तोंडावरील मर्सिडीजच्या चांदणीची जागा टाटांच्या ‘टी’ने घेतली.

५/
हे ट्रक मोठे होते. गावच्या एका शेतकऱ्याचा माल त्यांच्या हौद्याच्या कोपऱ्यात मावे. लहान मालासाठी पुण्याच्या बजाज टेम्पोने वाट काढली. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचे नाव हॅम्बुर्गजवळच्या ‘टेम्पो’ कारखान्यावरून आले. पुढे कंपनी कोणतीही असो, मराठी माणूस प्रत्येक छोट्या मालवाहू गाडीला ‘टेम्पो’च म्हणू लागला.

६/
१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात सरकारने हलक्या ट्रकसाठी जपानी सहकार्याला परवानगी दिली. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निसान, आयशर-मित्सुबिशी आणि स्वराज-माझदा अशा चार जोड्या मैदानात उतरल्या. या आकाराचा ट्रक टेल्कोकडे नव्हता. परकीय भागीदार घेणे किंवा स्वतः गाडी घडवणे, हे दोनच पर्याय उरले होते.

७/
टेल्कोने दुसरा पर्याय निवडला. सुमंत मूळगावकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात १९६६ पासून संशोधन केंद्र उभे राहिले होते आणि साचे, यंत्रे स्वतः बनवण्याचा त्यांचा आग्रह होता. त्या तयारीचे फळ म्हणजे १९८६ मध्ये आलेली टाटा ४०७. (पुढे ‘सुमो’ हे नाव पडले तेही सुमंत आणि मूळगावकर यांच्या आद्याक्षरांवरून.)

८/
टाटांच्या जुन्या ट्रकच्या क्रमांकात सुरुवातीचे आकडे एकूण वजनाचा गट टनांत सांगत आणि शेवटचे दोन आकडे अश्वशक्तीचा गट दहाच्या पटीत. १२१० म्हणजे सुमारे १२ टन आणि १०० अश्वशक्ती. ४०७ हे नाव त्याच रीतीचे. बोलीत मात्र ही गाडी केवळ ‘चारशे सात’ झाली.

९/
मागे चार टायर कशासाठी? भरलेल्या ट्रकचे बहुतांश वजन मागच्या आसावर येते. एकाच मोठ्या टायरवर ते टाकले तर टायर महाग, चाक उंच आणि हौदा आणखी उंच होतो. दोन मध्यम टायर शेजारी शेजारी बसवले की भार वाटला जातो, पुढचे-मागचे टायर एकाच मापाचे राहतात आणि एकच जादा चाक कुठेही चालते. खेड्यात ही सोय मोठी असते.

१०/
या सोयीची किंमत आहे शिस्त. जोडीतील दोन्ही टायर एकाच चाकावर आवळलेले असल्याने त्यांना सारखेच फेरे घ्यावे लागतात. एक नवा आणि दुसरा झिजलेला असेल तर उंच टायर सगळा भार घेतो आणि बुटका रस्त्यावर घासत जातो. म्हणून जाणता मालक नवे टायर जोडीनेच घालतो आणि दोहोंत अडकलेला दगड निघण्याआधी काढतो.

११/
खरा धोका आतल्या टायरचा. तो दिसत नाही. त्यातील हवा गेली तरी बाहेरचा टायर गाडी उभी धरतो. मग दुप्पट भाराने तापून तोही फुटतो. त्यामुळे पहाटे गाडी काढण्यापूर्वी टॉमीने सहाही टायर ठोकून पाहण्याची पद्धत पडली. हवा भरलेला टायर टणक आवाज देतो, बसलेला टायर बद्द वाजतो. हवा मोजण्याचे यंत्र हाताशी नसलेल्या ठिकाणी कानानेच ते काम केले.

१२/
इंजिनाची रचनाही अशाच हातांना साजेशी होती. टाटांच्या ४९७ इंजिनाच्या नावातच माप आहे: ४ सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर. पिस्टनची धाव १०० मिलिमीटर. गुणाकार केला की २,९५६ घन सेंटिमीटर. डिझेलचा पंप पूर्णतः यांत्रिक, संगणक नाही. बॉशशी संबंधित ‘मायको’चा कारखाना नाशिकला होता आणि तेथे नोझल बनत.

१३/
डिझेलच्या नळीत हवा शिरली की असे इंजिन बंद पडते. उपाय अंगणातला आहे: फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचे, बुडबुडे थांबून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळायचा. फिल्टर बदलणे, टॅपेटचे अंतर पातळ पट्टीने तपासणे, निपलांत ग्रीस भरणे हीही घरची कामे. पंप आणि नोझल यांची जुळणी मात्र चाचणीयंत्र असलेल्या दुकानातच होते, आणि ही सीमा चांगला मिस्त्री ओळखून असतो.

१४/
घाटावरच्या गाडीत पहिला मान ब्रेकचा. चढताना इंजिन कमी पडले तर गाडी हळू चढते. उतरताना ब्रेक कमी पडला तर दुसरी संधी नसते. म्हणून जुने वाहन सुधारताना क्रम महत्त्वाचा ठरतो: आधी ब्रेकचे लायनर, तेल आणि नळ्या, मग हबची बेअरिंगे, मग स्टिअरिंगचे सांधे आणि किंगपिन, नंतरच ताकद व आराम.

१५/
सुधारणांचेही युग पालटत गेले. नायलॉन टायरांच्या जागी रेडियल आले, पुढच्या आवृत्त्यांत टर्बो इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग आले, आणि जुन्या गाड्यांचे मालक तेच भाग आपल्या गाडीत बसवण्याचा विचार करू लागले. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत फसवी सुधारणा म्हणजे कमानीत पाटे वाढवणे. गाडी मागून बसत नाही, पण आस, टायर आणि ब्रेक यांची क्षमता होती तेवढीच राहते.

१६/
येथे कायदा येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करू देत नाही. इंजिन बदलण्यासारख्या कामाला आधी परिवहन कार्यालयाची मान्यता लागते. आठ वर्षांवरील मालवाहू वाहनाला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्रही घ्यावे लागते. जुगाडाचे कौतुक करताना हा भाग सहसा विसरला जातो.

१७/
२००५ मध्ये टाटा एस, म्हणजे ‘छोटा हत्ती’, आला. तो चार टायरांचा आणि स्वस्त. भाजी, दूध, किराणा यांचा हलका माल त्याच्याकडे गेला. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ निकष लागू झाले. नव्या डिझेल इंजिनाचा कारभार सेन्सर आणि संगणक पाहू लागले. पान्ह्याच्या जोडीला निदानयंत्र आले, आणि ते अंगणात नसते.

१८/
यात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. जुने यांत्रिक इंजिन अधिक धूर सोडते आणि तो धूर गावातलीच माणसे श्वासात घेतात. २०२१ च्या भंगार धोरणामागे हे कारण आहे. पण गाडीचे हप्ते कधीच फिटलेले असतात आणि दुरुस्ती घरी होते, म्हणूनच कोरडवाहू भागातील लहान मालकाला कमी भाड्यातही धंदा परवडतो. नव्या गाडीबरोबर नवे कर्ज येते. स्वच्छ हवेची किंमत कोणी आणि किती द्यायची, हा प्रश्न अमडापूरसारख्या गावांत तत्त्वचर्चेचा राहत नाही.

१९/
इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी यात एक काम दडलेले आहे. ४०७ पुण्यात कशी घडली याची नोंद कंपनीच्या दप्तरात सापडेल. ती घाटावर चाळीस वर्षे कशी चालली याची नोंद आरसी बुकात, टायरच्या जुन्या बिलांत, हौदा बांधणाऱ्या सुताराच्या मापांत आणि मिस्त्रीच्या स्मरणात आहे. आवाजावरून टायर ओळखणारी पिढी आता वृद्ध होत आहे.

२०/
म्हणून गावात अशी सहा टायरांची गाडी उभी दिसली, तर तिच्या मालकाला चार गोष्टी विचारून लिहून ठेवाव्यात: ती कोणत्या साली आली, आजवर तिच्यातले काय काय बदलले, कोणाच्या हातून बदलले, आणि तिने पहिल्या वर्षी कोणता माल कुठे नेला. घाटावरच्या शेतीचा अर्धाअधिक आर्थिक इतिहास या चार उत्तरांत मिळतो.

(समाप्त)