पंचांचा निर्णय आणि चित्रफितीची साक्ष : सातारा-सांगलीच्या कुस्तीपरंपरेच्या संदर्भात

वादग्रस्त निर्णयाविरुद्ध खेळाडूने दाद कोणाकडे मागावयाची, हा क्रीडा-इतिहासातील एक उपेक्षित प्रश्न होय. चित्रफीत पाहून निर्णय तपासण्याची पद्धत फुटबॉलमध्ये २०१८ च्या रशियातील विश्वचषक स्पर्धेमुळे सर्वपरिचित झाली. क्रिकेटमध्ये तिचा अवलंब त्यापूर्वीच, नोव्हेंबर १९९२ मधील डर्बन कसोटीत झाला होता आणि दूरचित्रवाणीवरील दृश्यावरून धावबाद ठरलेला पहिला फलंदाज सचिन तेंडुलकर हा होता. सातारा-सांगली परिसराचा खेळ मात्र कुस्ती. त्यामुळे येथे या प्रश्नाचा मागोवा आखाड्यातच घ्यावा लागतो.

या दृष्टीने कराडजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव यांचे १९५२ हे वर्ष उद्बोधक आहे. मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्यापेक्षा आपल्याला एक गुण कमी देऊन अन्याय केला गेला, अशी त्यांची तक्रार होती. तेव्हा गुणदानाची फेरतपासणी करणारी कोणतीही यंत्रणा नव्हती. खाशाबांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली; महाराजांनी दोघांची पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी ती चितपट जिंकली. पुढे हेलसिंकी येथे त्यांनी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेथेही जपानच्या इशी यांच्याशी प्रदीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न देता त्यांना सोव्हिएत मल्लाविरुद्ध उतरविण्यात आले. नियमातील विश्रांतीचा हक्क मागण्यासाठी भारताचा एकही अधिकारी आखाड्यापाशी उपस्थित नव्हता, असे या प्रसंगाच्या वृत्तांतांत नमूद आहे. एकाच वर्षातील या दोन घटना शेजारी ठेवल्या म्हणजे दाद मिळणे हे किती योगायोगावर अवलंबून होते ते ध्यानी येते. एकदा महाराज भेटले. दुसऱ्या वेळी कोणीच नव्हते.

पुन्हा कुस्ती लावणे हा उपाय मैदानी परंपरेला साजेसाच होता. यात्रेच्या फडात निकाल एकाच गोष्टीवर ठरे : पाठ मातीला लागली की नाही. अंगाला आधीच माती फासलेली असल्याने पाठीवरील माती हा पुरावा फारसा भरवशाचा नव्हे. खरी साक्ष फडाभोवती बसलेल्या जाणकारांची असे. गादीवरील कुस्तीत हे चित्र पालटले. पकडीला दोन, धोक्याच्या स्थितीत फेकल्यास चार, असे गुणांचे गणित आले आणि क्षणार्धातील हालचालीचे मूल्य ठरविण्याचे काम तीन पंचांकडे गेले. अशा निर्णयानंतर कुस्ती नव्याने लावणे शक्य नव्हते. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात आंतरराष्ट्रीय कुस्तीत रूढ झालेल्या ‘चॅलेंज’ पद्धतीने ही उणीव भरून काढली.

फुटबॉलच्या विश्वचषकात स्वीकारलेल्या पद्धतीत चित्रफीत पाहावयाची की नाही हे पंचमंडळच ठरविते. संघाला तशी मागणी करण्याचा अधिकार नसतो. कुस्तीत तो अधिकार मल्लाच्या बाजूला आहे. प्रशिक्षक मऊ ठोकळा गादीवर टाकून निर्णयाला आव्हान देतो आणि मल्लाची संमती नसल्यास ते आव्हान रद्द होते. अर्थात हा हक्क फुकट नाही. आव्हान फेटाळले गेल्यास प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये साक्षी मलिक हिच्या कांस्यपदकाच्या लढतीत ७-५ चा निकाल ८-५ झाला तो याच कारणाने.

एका गुणाचे मोल महाराष्ट्र केसरी स्पर्धेलाही नवे नाही. १९६१ मध्ये सांगली जिल्ह्यातील दिनकर दह्यारी यांनी हा किताब प्रथम पटकावला. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात झालेल्या स्पर्धेची अंतिम लढत पृथ्वीराज पाटील यांनी विशाल बनकर यांच्याविरुद्ध ५-४ अशी जिंकली. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात महेंद्र गायकवाड यांना सिकंदर शेख यांच्याविरुद्ध बाहेरच्या टांगेबद्दल मिळालेल्या चार गुणांवरून वादळ उठले. त्या डावाची दृश्ये भ्रमणध्वनीवर घरोघरी पोचली आणि जुन्या फडातील जाणकारांची जागा जणू अवघ्या महाराष्ट्राने घेतली. फरक इतकाच की त्यांच्या मताला निर्णयात स्थान नव्हते.

याहून अवघड प्रश्न २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे उपस्थित झाला. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळ यांना शिवराज राक्षे यांच्याविरुद्ध चितपटीने विजयी घोषित करण्यात आले. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, दृश्य पुन्हा पाहावे, अशी राक्षे यांची मागणी होती. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार गुणांना आव्हान देता येते, चितपटीला नाही; कारण चितपट पंचांच्या परस्पर संमतीनेच जाहीर होते, असे गृहीत धरले आहे. म्हणजे ज्या एका निर्णयाने लढत तत्क्षणी संपते, तोच आव्हानाच्या कक्षेबाहेर राहिला आहे. या गृहीतकाचा फेरविचार होणे अगत्याचे वाटते. राक्षे यांनी त्या वेळी पंचांना लाथ मारली आणि त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. लाथ मारणे असमर्थनीयच होते. पण शिक्षा झाली ती त्या कृत्याबद्दल. खांदे टेकले होते किंवा नाही, हा वाद त्याहून वेगळा होता.